डायव्हर पाण्याखाली, तांडेल पाण्यावर: स्कुबा बोटीची सुरक्षा आखणी

मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या पट्ट्यात स्कुबाच्या बोटी चालवणारे बहुतेक तांडेल मासेमारीतून आलेले आहेत. वारा, खडप (पाण्यातले खडक) आणि पाण्याची ओढ त्यांना शिकवावी लागत नाही. फरक एकाच गोष्टीत आहे, पण तो मोठा आहे. मासेमारीत माणसे बोटीत असतात आणि जाळे पाण्यात. वेळ आली तर दोर कापून, जाळे सोडून निघता येते. स्कुबात माणसेच पाण्यात असतात, तीही दिसत नाहीत, आणि त्यांना टाकून कुठेही जाता येत नाही. सुरक्षेची सगळी आखणी या एका अडचणीभोवती करायची असते.

पाण्याखाली काय करायचे हे प्रशिक्षक ठरवतो. पण डाइव्ह करायची की नाही, बोट कुठे उभी करायची आणि कधी परतायचे, यावर शेवटचा शब्द तांडेलाचा असला पाहिजे. हे निघण्याआधी, किनाऱ्यावर आणि सगळ्यांसमोर ठरवा. समुद्रात गेल्यावर यावरून वाद झाला तर जिंकतो तो पैसे भरलेला पर्यटक.

आदल्या संध्याकाळी: वारा, लाट, पाणी

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा हे दोन्ही रोज पाहा. अंदाजात बहुतेक जण फक्त लाटेची उंची बघतात आणि तिथेच फसतात. उंचीइतकेच महत्त्व दोन लाटांमधल्या सेकंदांना आहे. 6 सेकंदांची 1 मीटर लाट वाऱ्याची असते. ती बोट हलवते, पाहुण्यांना उलट्या होतात, पण तिचा जोर वरवरचा असतो. 14-15 सेकंदांची 1 मीटर लाट दूरच्या वादळातून आलेली असते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही. खडपाजवळ किंवा वाळूच्या पट्ट्यावर आली की मात्र उंच होऊन फुटते. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असताना अशी लाट येते, म्हणून ती जास्त धोक्याची. अंदाजात 12 सेकंदांच्या वरचा आकडा दिसला, तर खडपाला चिकटून डाइव्ह करू नका आणि परतीची वाट पुन्हा तपासा.

हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि पाणी सपाट असते. दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. त्यामुळे शेवटचा डायव्हर बोटीत येण्याची वेळ साडेअकरा-बाराच्या आत बसवावी आणि तिथून उलट मोजत निघण्याची वेळ काढावी. निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजत गेलात तर उशीर होतो, आणि नेमके नवखे डायव्हर वाऱ्यात सापडतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी जोरात ओढते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असते. नवख्यांचे गट भांगाच्या दिवसांत घेता आले तर उत्तम. कोष्टकातली भरतीची वेळ आणि ओढ थांबण्याची वेळ एकच असेल असे धरू नका. खडपाच्या आजूबाजूला तासाभराचाही फरक पडू शकतो. म्हणून जागेवर पोहोचल्यावर ओढ मोजा. पाण्याची बाटली जवळजवळ पूर्ण भरा, म्हणजे वारा तिला ढकलणार नाही. तिला बारीक दोरी बांधून नाळेपाशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी) सोडा आणि ती मागे पोहोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. 10 मीटरच्या बोटीला 20 सेकंद लागले तर ओढ साधारण 1 नॉट (तासाला एक नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर), 40 सेकंद लागले तर अर्धा नॉट. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांसाठी अर्ध्या नॉटच्या वर डाइव्ह रद्द करा. प्रमाणपत्रधारक डायव्हरलाही 1 नॉटविरुद्ध पोहून नांगरलेल्या बोटीकडे येणे जमत नाही. तो दमतो, भराभर श्वास घेतो आणि हवा लवकर संपवतो.

कागद

सुरक्षा आखणी पाठ असून उपयोग नाही, कारण संकटाच्या वेळी तांडेलच जखमी असू शकतो. एका पानावर लिहून तिच्या दोन प्रती करा. एक बोटीत, प्लास्टिकमध्ये. दुसरी किनाऱ्यावरच्या माणसाकडे. पानावर बोटीचे नाव आणि नोंदणी क्रमांक, सगळ्यांची नावे आणि घरचा फोन क्रमांक, डाइव्हची जागा अक्षांश-रेखांशासह, निघण्याची आणि परतण्याची वेळ असावी. सर्वांत महत्त्वाची ओळ ही: किती वाजेपर्यंत बोट आली नाही किंवा फोन आला नाही, तर किनाऱ्यावरचा माणूस तटरक्षक दलाला कळवणार. ती वेळ परतीच्या वेळेनंतर 45 मिनिटांच्या पुढे नसावी. ‘येतील थोड्या वेळात’ म्हणत संध्याकाळ झाली की शोधायला उजेड उरत नाही.

किनाऱ्यावरचा माणूस म्हणजे तिकिटे फाडणारा कोणीही नव्हे. एक ठरलेले नाव हवे, फोन चार्ज असलेला हवा, आणि त्या वेळात त्याच्याकडे दुसरे काम नको.

पानाच्या खाली मोठ्या अक्षरांत: तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, रुग्णवाहिका 108, आणीबाणी 112, व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16.

अक्षांश-रेखांशातली एक चूक वारंवार होते. फोन 16.0418 असा दशांश अंशांत आकडा दाखवतो. बोटीवरचा जीपीएस 16 अंश 02.5 मिनिटे असा. जागा एकच आहे. पण फोनवरचे 16.0418 कोणी ‘16 अंश 04.18 मिनिटे’ असे वाचून दाखवले, तर शोधपथक सुमारे 3 किलोमीटर उत्तरेला जाईल. कोणत्या पद्धतीने सांगायचे ते आधी ठरवा आणि कागदावर तसेच लिहा.

बोटीचा परवाना, तपासणी आणि विमा चालू आहे का, हे हंगामाच्या सुरुवातीलाच बघून ठेवायचे. पावसाळ्यासाठी मेअखेरीस जलक्रीडा बंद होतात. त्या आधीचा शेवटचा आठवडा सर्वाधिक गर्दीचा असतो आणि समुद्र त्याच दिवसांत बदलू लागतो.

किती माणसे

परवान्यावर 15 माणसे लिहिली असतील तर ती नुसती माणसे. भरलेला 11 लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर साधारण 17 किलोचा. त्यात शिशाची वजने, हवा भरायचे डायव्हिंग जॅकेट, रेग्युलेटर (श्वासाची नळी) धरले तर एका डायव्हरमागे 25 ते 30 किलो वाढतात. दहा जणांचे सामान म्हणजे आणखी चार माणसे. तेवढी माणसे यादीतून कमी करा.

सिलिंडर तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे वाटून, दोराने आवळून बांधा. सुटलेला सिलिंडर पाय मोडतो, आणि सगळे सिलिंडर एका बाजूला घरंगळले तर बोट कलंडते. माणसांचेही तेच आहे. डॉल्फिन दिसले की सगळे एका कडेला धावतात. बसल्या जागेवरून बघायचे, ही सूचना डॉल्फिन दिसण्याआधी द्यावी लागते.

पेट्रोलचा जुना हिशोब बरोबर आहे: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. डायव्हर शोधायची वेळ आली तर हाच राखीव भाग लागतो.

सामान, आणि त्यात ऑक्सिजन

लाईफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांच्या मापाची वेगळी. दोन रिंगबोया, त्यातल्या एकाला 30 मीटर तरंगता दोर. इंजिनाची किल-कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी). शिट्टी, आरसा, दिवसाचे धुराचे आणि रात्रीचे लाल सिग्नल. सुरी. पाणी उपसायला बादली, पंप असला तरीही. पाण्यात न बिघडणारा हातातला व्हीएचएफ. त्याचा पल्ला दोन छोट्या बोटींमध्ये 5 नॉटिकल मैलांच्या आसपासच असतो, म्हणून फोनही पाऊचमध्ये ठेवा. पिण्याचे पाणी माणशी किमान 1 लिटर.

या सगळ्यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ऑक्सिजनकडे. छोटा सिलिंडर कोपऱ्यात असतो, पण त्यात किती शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसते. हिशोब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचा बार. 5 लिटरचा सिलिंडर 150 बारला भरलेला असेल तर 750 लिटर ऑक्सिजन. डायव्हरला मिनिटाला 15 लिटर द्यावा लागतो, म्हणजे 50 मिनिटे. 10 लिटरचा असेल तर 100 मिनिटे. आता तुमच्या सर्वांत लांबच्या जागेपासून जेटीपर्यंतचा वेळ आणि रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ यांची बेरीज करा. सिलिंडर त्यापेक्षा जास्त चालला पाहिजे. कमी पडत असेल तर दुसरा घ्या. मिनिटाला 4 लिटर करून पुरवण्यात अर्थ नाही.

मास्क पिशवी असलेला, उलट श्वास न घेऊ देणारा हवा. साध्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळत नाही. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नये, ग्रीसचे हातही नकोत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागते. सिलिंडर पेट्रोलच्या टाकीपासून लांब, बोटीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. रोज सकाळी उघडून, गेज वाचून, आकडा वहीत लिहा.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

बोट किनाऱ्याला असतानाच, इंजिन बंद करून बोला. चालत्या इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही. कुठे बसायचे, जॅकेट कधी काढायचे, शिडी कुठे, इंजिनाजवळ का जायचे नाही, एवढे पुरे. दमा, हृदयविकार, अलीकडचे ऑपरेशन, गरोदरपण, सर्दी, कान दुखणे हे प्रत्येकाला वेगळे विचारा, सर्वांसमोर नव्हे. रात्रीची दारू उतरली नसेल तर डाइव्ह नाही. पैसे परत द्यावे लागले तरी चालेल.

प्रमाणपत्रधारक डायव्हर असतील तर खुणा पक्क्या करा. वर आल्यावर डोक्यावर हाताचा गोल म्हणजे ठीक. हात हवेत हलवणे म्हणजे मदत हवी. बोटीकडून विचारल्यावर काहीच खूण आली नाही, तर तेही संकटच धरायचे. पाण्याखालून परत बोलावण्याची खूण ठरवा: शिडीच्या बुडालेल्या पाइपवर लोखंडाचे तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. इंजिनाची घरघर ही खूण कधीही करू नका.

जागेवर

नांगर प्रवाळावर टाकू नका. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले ते याच खडपांसाठी, आणि पाहुणे येतात तेही यासाठीच. कायमचा बोया असेल तर तिथे बांधा, नसेल तर वाळूत टाका. दोर खोलीच्या किमान पाचपट: 8 मीटरला 40 मीटर. आखूड दोराने नांगर उचलला जातो आणि बोट हळूहळू सरकते. डायव्हर वर येतात तेव्हा बोट भलतीकडेच असते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, म्हणजे सरकणे लगेच कळेल.

नांगराच्या दोराच्या बोटीकडच्या टोकाला एक मोठा बोया बांधून ठेवा. कोणी वाहून चालला तर नांगर उचलण्यात पाच मिनिटे घालवायची नसतात. दोर सोडून द्यायचा, बोयामुळे तो नंतर सापडतो, आणि बाकीच्या डायव्हरना धरायला काही तरी राहते.

झेंडा ‘अल्फा’चा: अर्धा पांढरा, अर्धा निळा, टोकाला खाच. डायव्हर खाली आहे, लांबून आणि हळू जा, असा त्याचा जगभर एकच अर्थ आहे. लाल झेंड्यावर तिरका पांढरा पट्टा ही अमेरिकेकडची खूण. ती इतर जहाजांवर बंधनकारक नाही. समुद्री नियमांनुसार अल्फाची ताठ प्रतिकृती किमान 1 मीटर उंचीची आणि चारही बाजूंनी दिसणारी हवी. कापडी झेंडा वारा पडला की काठीला चिकटतो, म्हणून पत्र्याचा किंवा प्लायचा करा. डायव्हर बोटीत आले की उतरवा. दिवसभर लावून ठेवलेल्या झेंड्याकडे पॅरासेलिंगवाले आणि जेटस्कीवाले बघेनासे होतात.

बोटीच्या मागे 30 मीटर तरंगता दोर आणि टोकाला बोया सोडा. ओढीने मागे गेलेला डायव्हर तो धरतो. इंजिन चालू करण्यापूर्वी दोर आत घ्यायचा, नाहीतर पंख्यात गुंततो.

डायव्हर पाण्यात असेपर्यंत बोटीत किमान दोन माणसे: एक बोट चालवू शकणारा, दुसरा पाण्यावर नजर ठेवणारा. नजर ठेवणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही आणि पाहुण्यांचे फोटो काढायचे नाहीत. तो बुडबुडे बघतो, जवळ येणाऱ्या बोटी बघतो आणि दर पाच मिनिटांनी खुणांची रेषा बघतो.

मोजणी

25 जानेवारी 1998 रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर 26 पाहुण्यांची एक बोट दोन डायव्हरना मागे सोडून परतली. दोन दिवसांनी त्यांची बॅग बोटीवर सापडली, तेव्हा ते नसल्याचे लक्षात आले. दोघे कधीच मिळाले नाहीत. मोजणी झालीच नव्हती असे नाही. ती चुकली होती, आणि चूक पकडणारा दुसरा कोणी नव्हता.

मालवणात धोका वेगळ्या रूपात आहे. पाहुणे एकेक-दोनदोन करून प्रशिक्षकाबरोबर उतरतात, वर येतात, काही जण पोहायला पुन्हा पाण्यात उड्या मारतात. आकडा सतत बदलतो. म्हणून एक फळी करा, दोन रकाने: ‘बोटीत’ आणि ‘पाण्यात’. प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला एका खिळ्यावरून दुसऱ्यावर हलवायचा, आणि तो खलाशीच हलवणार. पाण्यात जातानाची आणि परत येतानाची वेळ शेजारी लिहा. निघण्याआधी दोघांनी वेगवेगळे मोजायचे, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, नाव घेऊन. दोघांचा आकडा आणि कागदावरची यादी जुळल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. ‘सगळे आले का?’ असे ओरडून विचारणे ही मोजणी नव्हे. जो आलेला नाही तो ‘नाही’ म्हणू शकत नाही.

डायव्हरला उचलताना

नाळ वाऱ्याकडे करून, हळूहळू, डायव्हर आपल्याला सतत दिसेल अशा बाजूने या. बोटीची एक लांबी उरली की न्यूट्रल. तो शिडीला हात लावण्याआधी इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रलवर भरवसा ठेवू नये, कारण धक्क्याने गिअर पडू शकतो आणि काही इंजिनांचा पंखा न्यूट्रलमध्येही सरकत राहतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबलात तर हलकी फायबर बोट वाहत डायव्हरच्या अंगावर जाते आणि तो बोटीखाली सापडतो.

नवख्याची वजने आणि सिलिंडर पाण्यातच काढून घ्या, मग त्याला चढू द्या. एक जण शिडीवर असताना दुसऱ्याने खाली थांबायचे नाही. वर आला की कपडे बदलण्याआधी लाईफ जॅकेट. वेटसूट थोडा तरंगवतो, पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही.

डायव्हर ठरल्या वेळी वर आला नाही तर

घड्याळ बघा आणि वेळ लिहा. जीपीएसवर जागा नोंदवा. शेवटचे बुडबुडे दिसले तिथे वजन बांधलेला बोया टाका आणि दुसरा, पाणी भरलेला, ओढीबरोबर वाहू द्या. माणूस साधारण कोणत्या दिशेला गेला असेल ते हा दुसरा दाखवतो. बाकीच्यांना परत बोलावण्याचे ठोके द्या आणि बोटीत घ्या. शोधायला पाण्यात आणखी माणसे घालू नका. गेलाच तर प्रशिक्षक, जोडीदारासह, हवा पुरेशी असेल तरच.

1 नॉट ओढीत माणूस मिनिटाला 31 मीटर वाहतो. वीस मिनिटांत 600 मीटर, तासात जवळपास 2 किलोमीटर. वाऱ्याच्या आखूड लाटांत पाण्यावरचे डोके काहीशे मीटरपलीकडे दिसत नाही. म्हणून वेळ संपल्यावर 10 मिनिटांत माणूस दिसला नाही तर चॅनल 16 वर कॉल द्या. नंतर तो सापडला तर कॉल रद्द करता येतो, त्यात कमीपणा नाही. प्रमाणपत्रधारक डायव्हरकडे नारिंगी फुगणारी नळी आणि शिट्टी असलीच पाहिजे. नळी उभी केली की तो कितीतरी दुरून दिसतो.

रेडिओवर: ‘मेडे’ (संकटाची हाक) तीनदा, बोटीचे नाव तीनदा, जागा आकडा-आकडा करून, काय झाले, किती माणसे, कोणती मदत हवी. सोप्या हिंदीत किंवा इंग्रजीत बोला, कारण ऐकणारा देशाच्या कुठल्याही भागातला असू शकतो. बटण सोडून उत्तर ऐका. घाबरलेला माणूस बटण दाबूनच ठेवतो.

वर आलेला डायव्हर आजारी असेल तर

6-7 मीटरच्या एका डाइव्हने रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यता फारच कमी. पण ‘उथळ आहे, काही होत नाही’ हा समज घातक आहे. 10 मीटरवर फुफ्फुसात असलेली हवा वर येताना दुप्पट होते. घाबरून श्वास रोखून वर धावलेल्या माणसाचे फुफ्फुस शेवटच्या दीड-दोन मीटरमध्येही फाटू शकते. वर येताच किंवा 10 मिनिटांच्या आत भान हरपणे, एक बाजू लुळी पडणे, छातीत दुखणे, रक्ताची थुंकी ही त्याची लक्षणे. खोल डाइव्हनंतरची सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे बहुतेक वेळा 6 तासांत दिसते, कधी दुसऱ्या दिवशीही.

दोन्हींत काम एकच: सपाट झोपवा, 15 लिटरने ऑक्सिजन द्या, सुरू केल्याची वेळ लिहा. बरे वाटले म्हणून बंद करू नका. शुद्धीत असेल आणि उलटी नसेल तर पाणी पाजा. ‘परत खाली नेऊन आणू’ हा उपाय नव्हे. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास. बुडालेल्या माणसाला हवेची गरज पहिली असते. त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि सिलिंडर बरोबर पाठवा, डॉक्टरांना लागतात.

दाबकक्ष (रुग्णाला दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) कुठे आहे आणि तो डायव्हर घेतो का, हे हंगामाआधी फोन करून विचारा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. जखमांवर उपचार करणारे काही खासगी दाबकक्ष डायव्हरची केस घेत नाहीत. आणि रस्ता निवडताना घाट आठवा. आंबोली सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, शरीरातले बुडबुडे मोठे होतात. कोल्हापूर नकाशावर जवळ दिसते, म्हणून रुग्णाला घाट चढवू नका. डॉक्टरांशी बोलून किनाऱ्याकडचा मार्ग धरा. ऑक्सिजन वाटेत चालूच.

परतताना

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. डाइव्ह संपली की सगळे सैल होतात, ती नेमकी चूक. लाट फुटते ती किनाऱ्याजवळ. देवबागच्या संगमावर कर्ली नदीचे सुकतीचे (ओहोटीचे) पाणी बाहेर येत असते आणि समोरून लांब पल्ल्याची लाट येत असते, तेव्हा दोन्हींच्या गाठीवर उभ्या लाटा फुटतात. सकाळी भरतीला सहज ओलांडलेली तीच वाट दुपारी बंद असते. बाहेर थांबून दहा-पंधरा लाटा बघा. मोठ्या लाटा गटाने येतात, त्यांच्या मागे थोडे शांत पाणी मिळते. नाही मिळाले तर भरती लागेपर्यंत बाहेर थांबा किंवा मालवण जेटीला जा. पाहुण्यांच्या गाड्या देवबागला आहेत, हे कारण होऊ शकत नाही. आत शिरताना सगळे खाली बसलेले, जॅकेटचे पट्टे आवळलेले.

बोट किनाऱ्याला लागल्यावर पुन्हा मोजा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ‘सगळे आले’ म्हणून स्वतः फोन करा. निवतीच्या खडकांकडे दोन-तीन खोल डाइव्ह केलेल्यांना सांगा की त्याच संध्याकाळी पुण्या-कोल्हापूरकडे घाट चढायचा नाही आणि 18 तास विमान नाही. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. रात्री दोन वाजता हात बधिर झाला तर ते कोणाला विचारणार?